डायरीत न लिहिलेले नऊ वेढे

खंडेनवमीचा दिवस. चारशे पन्नास रुपये. हजर तिघे: उस्ताद, उस्तादांच्या पत्नी, ज्यांना आम्ही मावशी म्हणायचो, आणि मी.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. चौसाळ्याला हायवेलगत उस्तादांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्या दिवशी पकडी, कात्र्या, तार गुंडाळायचे लाकडी साचे, म्हणजे फर्मे, आणि ते फिरवायचं हातमशीन धुऊन पुसून पाटावर मांडलं होतं. मावशींनी सगळ्याला हळदकुंकू वाहिलं. मी वीस वर्षांचा होतो. आयटीआय पास होऊन उस्तादांकडे येऊन दोन वर्षं झाली होती. पूजा झाल्यावर त्यांनी मला एक कोरी डायरी दिली आणि स्वतःच्या डायरीतले आकडे वाचून दाखवायला बसले.

मोटर जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी भरावी लागते. तार किती जाडीची आणि एका कॉइलला किती वेढे, हे दोन आकडे चुकले तर सगळी मेहनत वाया. वेढे कमी पडले तर मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि पुन्हा जळते. आमच्या धंद्याचं भांडवल म्हणजे हे आकडे. दुसऱ्या दुकानदाराला ते कोणी सांगत नाही.

"खरा आकडा मी सांगतो," उस्ताद म्हणाले, "पर तू लिवताना नऊ कमी लिवायचे. सहासष्ट असलं तर सत्तावन्न लिव. डायरी गेली तर चोराची मोटर जळंल, आपली न्हाई."

उस्ताद धनगराच्या घरचे. त्यांचे वडील रानात कळप मोजून यायचे, पण मेंढरं किती हे घरातसुद्धा खरं सांगायचे नाहीत. उस्तादांनी तीच सवय तांब्याच्या तारेला लावली होती. वेढे मोजायचेही तोंड मिटून. मोजताना कोणी दुकानात आलं तर हात थांबवायचा, बोलायचं नाही.

"हे नऊ कुनाला सांगितले तर तुजा एक महिन्याचा पगार माजा," ते म्हणाले. माझा पगार तेव्हा महिन्याला चारशे पन्नास होता. मी हो म्हणालो. मावशी प्रसादाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. "मी ऐकलं बरं का," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे मी वडवणीत स्वतःचं दुकान काढलं आणि ते अठरा वर्षं चालवलं. ती डायरी कायम माझ्या टेबलाच्या खणात असायची. डोळा सत्तावन्न वाचायचा आणि हात सहासष्ट वेढे घालायचा. मध्ये नऊ मिळवतोय असं मला कधी जाणवलंही नाही. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं तरी आपली गाडी चुकत नाही, तसं.

शेवटची तीन वर्षं मी गावातल्या एका खासगी आयटीआयमध्ये तासावर शिकवत होतो. सकाळी तिथे, दुपारनंतर दुकान. मग नियम आला की निदेशकाला शिकवण्याचं प्रमाणपत्र पाहिजे. नुसता अनुभव चालणार नाही. प्राचार्यांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, "वर्षभर तुमची जागा मी धरून ठेवतो. पुढच्या एकतीस जुलैपर्यंत प्रमाणपत्र किंवा पास झाल्याचा निकाल माझ्या टेबलावर पाहिजे. एक ऑगस्टला मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

कोर्स एक वर्षाचा, बीडला, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. वडवणीहून सातची एसटी धरली तर वेळेत पोचता यायचं. दुकान आणि कोर्स दोन्ही होणं शक्य नव्हतं. मी गाळा मालकाला परत दिला. बायकोने एकच प्रश्न विचारला होता, "आणि नापास झालात तर?"

वर्गात आम्ही बावीस जण होतो. वेल्डर, फिटर, टर्नर, दोन प्लंबर, आणि युसूफ वडगाव या गावाहून येणाऱ्या शिवणकामाच्या एक ताई. बहुतेकांची चाळिशी ओलांडलेली. पहिल्या महिन्यात प्रत्येकाला पाच मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा होता. मी कॉइल कशी बांधायची ते दाखवलं. संपल्यावर आमचे शिक्षक म्हणाले, "तुमची पाठ आम्ही सगळ्यांनी नीट बघितली. आता हात कधी दाखवता?"

सगळे हसले. मीही हसलो. पण तेव्हा मला कळलं की नाजूक काम आलं की मी वळून उभा राहतो. उस्ताद तसेच उभे राहायचे. टर्नरचं तेच होतं, तो मापाच्या वेळी लेथवर वाकून सगळं झाकून टाकायचा. एका वेल्डरला तर बोलत बोलत वेल्डिंग करताच येईना. तो काम थांबवून बोलायचा, बोलणं थांबवून काम करायचा.

ताईंना हे जड गेलं नाही. त्या बायकांना शिवण शिकवतच आल्या होत्या. मला त्या म्हणायच्या, "भाऊ, तुमी कॉइल बांधता का चोरी करता? तोंड उघडा की." शिक्षकांनी मला सक्त ताकीद दिली होती की वेढे मोठ्याने मोजायचे. मी घरी मुलीच्या स्केचपेनला दोरा गुंडाळत मोठ्याने मोजायचा सराव केला. शब्द बाहेर पडायला लागले की हात अडखळायचा. तीन महिन्यांनी तो सुरळीत झाला.

अंतिम पाठाची परीक्षा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात होती. गुण शंभर, पास व्हायला साठ. पूर्वतयारी वीस, विषयज्ञान तीस, प्रात्यक्षिक तीस, फळा आणि प्रश्नोत्तरं वीस. परीक्षक बाहेरगावचे. समोर खरे विद्यार्थी, आयटीआयच्या पहिल्या वर्षाचे बारा. शिवाय प्रत्येक पाठाला आमच्यातलाच एक जण निरीक्षक म्हणून बसायचा आणि काय घडलं ते एका छापील तक्त्यात भरायचा. तो तक्ता परीक्षकांच्या कागदांना जोडला जायचा. माझ्या पाठाला निरीक्षक म्हणून ताईंचं नाव निघालं.

मला विषय मिळाला तो माझाच: थ्री फेज मोटरची कॉइल फर्म्यावर बांधणे. संस्थेने एक एचपीची जुनी मोटर दिली. चोवीस खाचांची, म्हणजे बारा कॉइल. मुलंही बारा. मी दाखवायची, मग प्रत्येकाने एकेक बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या निदेशकाने त्या बाराही मोटरमध्ये भरून घ्यायच्या. मोटरमधली जुनी तार आधीच कोणीतरी काढून नेली होती, त्यामुळे मोजायला काही उरलं नव्हतं. मी रात्री डायरी काढली, त्या मापाची मोटर शोधली आणि पाठाच्या टिपणात आकडा उतरवला. सकाळी टिपण शिक्षकांनी बघून सही केली. ते इलेक्ट्रॉनिक्सचे, त्यांना त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

साडेदहाला मी फळ्यावर लिहिलं: तार चोवीस गेज, वेढे ५७.

परीक्षक मागच्या बाकावर बसले होते. साठीच्या आसपासचे, गप्प. ताई त्यांच्या शेजारी तक्ता मांडीवर घेऊन. मी मुलांकडे तोंड करून फर्मा मशीनला लावला, तारेचं टोक अडकवलं आणि मोठ्याने मोजायला लागलो. मुलांनीही माझ्याबरोबर मोजायचं, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. पंचवीस झाले. चाळीस झाले. माझा आवाज सरळ निघत होता, हात सरळ चालत होता. वर्षात पहिल्यांदाच मला वाटलं की आपण पास होणार.

"पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न," मुलं म्हणाली आणि गप्प झाली.

मी म्हणालो, "अठ्ठावन्न."

हात फिरत होता. एकोणसाठ, साठ. समोरच्या बाकावरची एक मुलगी फळ्याकडे बघायला लागली. मग सगळीच बघायला लागली. मला ती दिसत होती, पण काय चुकतंय ते कळत नव्हतं. सहासष्टला हात आपोआप थांबला.

"सर, सत्तावन्न कवाच झाले," ती मुलगी म्हणाली.

मी फळ्याकडे बघितलं. माझ्याच अक्षरातला आकडा. खरं सांगतो, त्या क्षणी मला उस्तादांच्या पाटावरची हळद दिसली. चाळीस मिनिटांचा पाठ, त्यातली सोळा झालेली. फळ्यावरचा आकडा चोरासाठीचा आहे हे कबूल केलं तर पाठाचा आधारच चुकीचा ठरत होता.

मी म्हणालो, "बरोबर. बोलता बोलता वेढे जास्त झाले तर काय करायचं, ते आता बघा." आणि मोजत मोजत नऊ वेढे उलटे काढले. वर हेही सांगितलं की उलटं काढताना तारेचं वार्निश खरवडलं जाणार नाही याची काळजी घ्यावी. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. परीक्षकांनी मान हलवली. पुढच्या चोवीस मिनिटांत बारा मुलांनी सत्तावन्न वेढ्यांच्या बारा कॉइली बांधल्या. एकानेही आकडा चुकवला नाही. इतकं नेमकं काम माझ्या हाताखाली आधी कधी झालं नव्हतं, आणि ते सगळं चुकीचं होतं.

सव्वाअकराला मी वर्कशॉपच्या बाहेर आलो. ताई कडुनिंबाच्या पारावर डबा सोडून बसल्या होत्या. तक्ता बाजूला, पेन टोपण न लावलेलं.

"भाऊ, बसा." त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. मी घेतला नाही. "मला एक सांगा. आमच्या कामात कापड बेतताना शिलाईसाठी अर्धा इंच जास्त धरत्यात. तुमच्यात बी तसं काही असतं का?"

"का?"

"कावून म्हनजे? तुमचा हात बरोबर नऊवर थांबला. चुकलेला हात असा थांबत न्हाई. तो अडखळतो, मागं बघतो. तुमचा हात काम झाल्यासारखा थांबला."

मी पारावर बसलो.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हितं एक रकाना हाय. फळ्यावरची माहिती आन प्रात्यक्षिक जुळतं का? मी अजून भरला न्हाई. 'जुळतं' लिवलं तर तुमी सुटता. 'न्हाई जुळत' लिवलं तर परीक्षक विचारनार. तक्ता एक वाजता द्यायचाय. काय लिवू?"

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. मी हिशेब केला. विषयज्ञानाचे तीस गुण गेले तर उरले सत्तर. त्यातून साठ मिळणं माझ्यासारख्याला शक्य नव्हतं. फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये. एक ऑगस्टला जागा जाणार. दुकान नाही. गाळ्यात आता झेरॉक्सवाला बसला होता. दुसऱ्या बाजूला, गप्प राहिलो तर उद्या बारा कॉइली मोटरमध्ये बसणार. मोटर सुरू होणार, गुणगुणणार, अर्ध्या तासात तापणार. आणि ती बारा मुलं पुढची पाच-दहा वर्षं एक एचपीला सत्तावन्न वेढे घालत राहणार, कारण सरांनी फळ्यावर लिहिलं होतं. उस्तादांनी चोराची मोटर जाळायला ठेवलेला आकडा मी शिकायला आलेल्या मुलांच्या वहीत उतरवला होता.

आणि तिसरी गोष्ट होती शब्दाची. नऊ सांगायचे नाहीत, असा शब्द.

"ताई," मी म्हणालो, "जे दिसलं ते लिहा. फळ्यावर सत्तावन्न, हातात सहासष्ट."

"इचार करा."

"केला."

त्यांनी माझ्यासमोरच रकाना भरला. मग टोपण लावून म्हणाल्या, "आता तरी भाकरी खा. नापास व्हायचं तर उपाशी कशाला?"

तक्ता परीक्षकांकडे जायच्या आधी मी स्वतः त्यांच्याकडे गेलो. ते प्राध्यापकांच्या खोलीत एकटे चहा पीत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. उस्ताद, डायरी, नऊ. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो आकडा माझ्या तोंडून बाहेर पडला.

त्यांनी कप खाली ठेवला. "मुद्दाम उलटे काढलेत ना वेढे?"

"हो."

"म्हणजे एक चूक आणि एक थाप. चूक समजू शकतो."

"हो."

"तुम्ही येऊन सांगितलंत म्हणून मी गुण वाढवणार नाही. विषयज्ञानाचे कापणार आहे."

"कापा."

त्यांनी घड्याळ बघितलं. "मग इथे काय उभे आहात? मुलं दीडला घरी जातात. त्यांच्या वह्यांत अजून सत्तावन्नच आहे."

मी वर्कशॉपमध्ये परत गेलो. मुलं कॉइलींना दोऱ्याने गाठी मारत होती. मी फळ्यावरचा आकडा पुसला नाही. त्यावर काट मारली आणि शेजारी ६६ लिहिलं. मग त्यांना सांगितलं की मी सकाळी चुकलो, आणि जास्त झालेले वेढे काढायचे हे जे मी सांगितलं ते खोटं होतं. डायरी त्यांच्या हातात दिली. वेढ्यांच्या प्रत्येक आकड्यात नऊ मिळवा, असं सांगितलं.

एक मुलगा म्हणाला, "सर, म्हनजे ह्यो सगळा डाटाच गंडलेला हाय?"

"गंडवलेला आहे," मी म्हणालो. मला हसू आलं, पण मुलं हसली नाहीत. त्यांना पाऊण तासाची मेहनत दिसत होती.

सकाळची ती मुलगी म्हणाली, "मग सहासष्ट तरी खरं कशावरून?"

उस्तादांकडे लागल्यापासून अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कपाटातून त्याच मापाची दुसरी जळकी मोटर काढायला लावली. तिची तार आत होती. एका कॉइलचा बाहेर आलेला भाग छिन्नीने तोडला आणि तारांची टोकं एकेक करून मुलांना मोजायला दिली. काळी पडलेली टोकं, बोटांना काजळी. तिघांनी तीनदा मोजली. दोनदा सहासष्ट, एकदा पासष्ट. परत मोजली, सहासष्ट. मी त्यांना सांगितलं की डायरीवर विश्वास ठेवू नका, माझ्याही नाही. जुनी कॉइल तोडा आणि मोजा. दारात परीक्षक उभे होते. ते कधी आले मला कळलं नाही.

त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती कुकरला झाकण लावत होती. "म्हणजे एकतीस तारखेनंतर काय?" तिने विचारलं.

"बघू."

"बघू नाही. आकडा सांगा. किती महिने निघतील?"

मी सांगितलं, तीन. तिने शिट्टी बसवली. दुसऱ्या दिवसापासून दुधाचं एक पाकीट कमी यायला लागलं.

निकाल सत्तावीस जुलैला लागणार होता, तो लागला नाही. अठ्ठावीसला नाही, एकोणतीसला नाही. मी रोज सातच्या गाडीने बीडला जाऊन नोटीस बोर्ड बघून यायचो. प्राचार्यांचा एकदा फोन आला, "काय ठरवू?" मी म्हणालो, "एकतीसपर्यंत थांबा." तीस तारखेला दुपारी कागद लागला. पूर्वतयारी सोळा. विषयज्ञान अकरा. प्रात्यक्षिक बावीस. फळा आणि प्रश्नोत्तरं चौदा. एकूण त्रेसष्ट.

मी बेरीज तीनदा केली. शेजारी ताई होत्या, त्यांना एक्क्याऐंशी. "ते अकरा कुठनं आले वो?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. जळक्या मोटरचे असतील, असं मला वाटतं.

त्याच दिवशी मी भांडारात गेलो. वाया गेलेल्या तेरा कॉइली, वजन आठशे ग्रॅम, अकराशे पन्नास रुपये किलोच्या भावाने नऊशे वीस रुपये भरले. भांडारपाल घ्यायला तयार नव्हता, म्हणाला असं कोणी भरत नाही. मी पावती घेतल्याशिवाय हललो नाही. एकतीसला सकाळी निकालाची प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली.

एक काम राहिलं होतं. पुढच्या रविवारी मी चौसाळ्याला गेलो. उस्ताद आता पंच्याहत्तरीचे. दुकान मुलगा चालवतो. ते बाहेर खुर्चीवर बसलेले असतात. मी पाया पडलो आणि सगळं सांगितलं. फळा, मुलं, नऊ.

त्यांनी डोळे बारीक केले. "बारा पोरांना सांगितलं?"

"बारा पोरं, एक परीक्षक, एक ताई."

"चौदा." ते मान हलवत राहिले. मला वाटलं रागावले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "आरं बे, नऊ तर निस्ते तुज्याच डायरीत हायेत. तुज्या आधीच्याला मी बारा सांगितले हुते. त्याच्या आधीच्याला पाच. ज्याला त्याला येगळा आकडा. कुनाची डायरी फुटली ते कळाया नको का मला?"

मी खुर्चीच्या कडेला बसलो. सव्वीस वर्षं मी तो नऊ आमच्या सगळ्या दुकानाचा समजत होतो.

"मग आता पुढच्या मुलांनाही सांगू का? सगळे आकडे, खरे?"

"सांग की. आता कोन चोरतंय? पोरगा मोबाईलवर बघून मोटर भरतो. निम्मं चुकीचं असतंय." ते थांबले. "जुनी कॉइल तोडून मोजाया सांगितलंस, ते बराबर केलंस. ते मी बी कुनाला सांगितलं न्हवतं."

मी खिशातून चार शंभराच्या आणि एक पन्नासाची नोट काढली.

"हे काय?"

"एका महिन्याचा पगार. शब्द मोडला."

मावशी दारात आल्या होत्या. "मी ऐकलं हुतं तवा," त्या म्हणाल्या. "घ्या. न्हाई म्हनू नका. त्यो तसाच हाय."

उस्तादांनी नोटा मोजल्या, तोंड मिटून. मग घडी करून बंडीच्या खिशात ठेवल्या.

"याज?"

"व्याजाचं बोलणं झालं नव्हतं."

"न्हवतं झालं," ते म्हणाले.

चारशे पन्नास रुपये, रोख, उस्तादांना दिले. हजर तेच तिघे.